लक्ष्मीचे परत आलेले मेल

बुधवार, १७ जानेवारी

दिवाळीपासून एक ओळ लिहिलेली नाही. स्वतःचीच माफी मागायची म्हणजे विचित्र वाटतं, पण मागते. कारण म्हणावं असं काही नाही. पिंपळे गुरव ते कुरुळी, कंपनीची बस, जाताना झोप आणि येताना रस्त्यावरची रांग. घरी पोचेपर्यंत बोलायचंही त्राण उरत नाही, लिहिणं दूरच.

आज मात्र लिहायला हवं.

सकाळी सर्व्हरवर, म्हणजे कंपनीत मी सांभाळते त्या मशीनवर, जागा भरत आल्याची सूचना. वाटलं, कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण साठलं असेल. नव्हतं. एक मेलबॉक्स फुगला होता. माणसांपैकी कुणाचा नाही, मशीनचा स्वतःचा. उघडला तर आत नुसते परत आलेले मेल, दसऱ्यानंतरचे. तपासणी अहवाल, माल निघाल्याच्या सूचना. सगळे आमच्या त्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे निघालेले आणि दारातूनच परत फिरलेले. प्रत्येकावर एकच शेरा: तुमच्या सर्व्हरने सांगितलेलं नाव अपुरं आहे, पूर्ण नाव सांगा.

आमचा सर्व्हर सांगतो, "लक्ष्मी".

एवढंच. मेल घेऊन दुसऱ्याच्या दारात गेलं की आधी आपलं नाव सांगायचं, ही सर्व्हरांमधली रीत. नावामागे आडनावासारखं कंपनीचं डोमेन हवं. बरेच जण चालवून घेतात, फार तर मेल स्पॅममध्ये टाकतात. हे कडक निघाले. परत आलेला मेल पाठवणाऱ्याकडे जातो, आणि इथे पाठवणारं माणूस नाहीच, प्रोग्रॅम आहे. त्याच्या पेटीत कोण डोकावणार? आम्ही माणसं हाताने लिहितो ते मेल दुसऱ्या सेवेतून जातात, ते पोचत होते. म्हणून कुणाला शंका नाही. आणि रोजचे अहवाल तिकडे कुणी उघडत नसणार, नाहीतर तीन महिने कुणी तरी विचारलं असतं.

जेवताना एकदम जयश्री आठवली. ताट सारून पेटी पुन्हा उघडली.

जयश्री क्वालिटीत आहे, कंत्राटावर. अंबाजोगाईची, डिप्लोमा झालेली. डिसेंबरात त्या गिऱ्हाइकाची तक्रार आली होती, एका ब्रॅकेटचं भोक सरकलं म्हणून. उत्तर वेळेत आलं नाही असं म्हणत त्यांनी आमची गाडी गेटवर थांबवली. जयश्री सांगत होती, मी पाठवलंय. तक्रारींची उत्तरं क्वालिटीच्या प्रोग्रॅममधूनच जातात, त्याच्या स्क्रीनवर हिरवं 'पाठवले' होतं. सातपुते सर, म्हणजे क्वालिटीचे हेड, म्हणाले पत्ता चुकीचा निवडला असशील. तिच्याकडून माफी लिहून घेतली. मला हे कँटीनमध्ये कळलं. वाईट वाटलं. वाईट वाटून मी ताक प्यायले आणि जागेवर येऊन बसले.

तिचं ते उत्तर या पेटीत आहे. बरोबर पत्त्यावर, वेळेत पाठवलेलं. शेऱ्यासकट परत आलेलं.


गुरुवार, १८ जानेवारी

सुट्टी. धुणं, भाजी, आईला फोन. मन तिकडेच.

नाव कसं पडलं ते आठवत बसले. दसऱ्याला नव्या शेडची पूजा होती. मुहूर्तावर सगळी मशीनं चालू झालीच पाहिजेत असा मालकांचा, म्हणजे दादांचा आग्रह. सर्व्हरसुद्धा. नवी इंटरनेट लाइन यायची होती, मी म्हटलं नुसता चालू करून ठेवते. तेवढ्यात यूपीएसवाले बशीरभाई म्हणाले, "चालू करताय तर बारसंच करून टाका ना मॅडम, बिननावाचं पोर कशाला?" सगळे हसले. दादांच्या आईंनी मनावर घेतलं. हळदकुंकू वाहिलं, डब्याला कान कुठे असतो ते विचारलं, बशीरभाईंनी पंख्याची जाळी दाखवली, आणि आईंनी तिथे तोंड नेऊन "लक्ष्मी" म्हटलं. दादांनी स्वतः एका बोटाने टाइप केलं. मी एंटर दाबलं.

लाइन आल्यावर पूर्ण नाव द्यायचं असं ठरवलं होतं. मग शिफ्टिंगच्या गडबडीत... आणि कुणाला विचित्रही वाटलं नाही. आमच्याकडे प्रेसला दुर्गा म्हणतात, जुन्या लेथला आजोबा.

नवऱ्याला, विनायकला, सांगितलं. तो भोसरीत टूलरूमला आहे, त्याला हे सगळं पाठ. म्हणाला, "तक्रारीत व्हाय-व्हाय काय लिहिलं होतं ते बघ." व्हाय-व्हाय म्हणजे तो कागद, तक्रार आली की पाच वेळा 'का?' विचारून मूळ कारण लिहायचं. "आमच्याकडे पाचवा 'का' नेहमी सगळ्यात खालच्या माणसापाशी थांबतो. त्याच्या खाली विचारायला कुणी नसतं ना."

हसत म्हणाला, पण नंतर पेपर उघडून बसला.


शुक्रवार, १९ जानेवारी

आधी दुरुस्ती. सकाळी सर्व्हरचं नाव बदललं, लक्ष्मीमागे डोमेन लावलं, पुन्हा चालू केला. पाच मिनिटांत डिस्पॅचमधून आरडाओरडा. लेबलं निघेनात. लेबलांच्या प्रोग्रॅमचं लायसन्स मशीनच्या नावाला बांधलेलं, नाव बदललं की तो ओळख दाखवत नाही. बाहेर गाडी भरलेली, पेट्यांवर लेबल नाही. डिस्पॅचचा पोरगेला सुपरवायझर दारात उभा: "मॅडम, कालपर्यंत चालत होतं राव, तुम्ही हात कशाला लावला?"

नाव परत होतं तसं केलं. लेबलं सुरू.

मग शांतपणे वाचलं. मशीनचं नाव न बदलताही चालतं. पोस्टफिक्स, म्हणजे मेल पाठवणारा भाग, त्याला बाहेर सांगायचं नाव वेगळं देता येतं. घरात लक्ष्मी, दारात पूर्ण नाव. दोन ओळी बदलल्या. आधी हेच वाचायला हवं होतं. घाई कशाची होती मला? खरं उत्तर: दुरुस्त झालं की जयश्रीचं काही करावं लागणार नाही, असं कुठेतरी वाटत होतं.

शिवाय परत आलेले मेल आता माझ्या आणि क्वालिटीच्या मेलवर येतील असं करून ठेवलं. हे दसऱ्यालाच करायला हवं होतं.

दुपारी चाचणीचा मेल त्या गिऱ्हाइकाकडे. पुन्हा परत. शेरा निराळा. आता म्हणतात, नाव ठीक, पण तुमच्या पत्त्यावर पाटी दुसऱ्याचीच आहे.


शनिवार, २० जानेवारी

पाटीचं प्रकरण असं. नावावरून लाइनचा नंबर सापडतो, तसं नंबरावरून नावही सापडायला हवं. आमच्या नंबरावर अजून आधीच्या कुठल्याशा भाडेकरू कंपनीचं नाव आहे. ही उलटी नोंद, 'रिव्हर्स', फक्त लाइन देणारेच बदलू शकतात. फोन लावला.

"मॅडम, रिव्हर्स करायचं म्हणताय, म्हणजे नक्की उलटं काय करायचं?"

"उलटं काही नाही. नंबरावर आमचं नाव लावायचं."

"नाव तर बिलावर बरोबर आहे की तुमचं."

तिसऱ्या माणसाला समजलं. दोन-तीन दिवस म्हणाला.

दुपारी सातपुते सरांकडे गेले. परत आलेलं उत्तर छापून नेलं होतं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. माणूस वाईट नाही, हे लिहून ठेवायला हवं. गाडी थांबली त्या दिवशी ते स्वतः गिऱ्हाइकाच्या गेटवर जाऊन उभे होते.

"म्हणजे पोरगी खरं बोलत होती," म्हणाले.

"हो."

"आता?"

मी म्हटलं, तक्रारीचा कागद दुरुस्त करायला हवा. त्यांनी तो काढून दाखवला. विनायक म्हणाला तसंच. उत्तर का पोचलं नाही? पाचव्या 'का'समोर: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, लेखी समज दिली. सोबत तिची माफी, तिच्या अक्षरात. अक्षर फार सुंदर आहे.

"मॅडम, तक्रार बंद झालीय. झोपलेलं पोर आहे ते, कशाला उठवताय? तिकडे कुणी वाचत नाही हो. 'समज दिली' दिसलं की शिक्का मारतात."

"पण तिच्या फाइलला लागलंय ते. या महिन्याअखेर कंत्राटं नवी होणार ना?"

कागद फाइलीत परत ठेवत म्हणाले: "कुणाला ठेवायचं ती यादी मंगळवारी, तीस तारखेला ठेकेदाराकडे जाईल. फाइलीत समज असलेल्यांना ठेकेदार घेत नाही, ते खरं आहे." आणि थोड्या वेळाने, "त्या वेळी मला कुठे माहीत होतं? तुम्हाला तरी होतं का?"

नव्हतं. पण मला कुणी विचारलंही नव्हतं, असं मी म्हणाले नाही. कारण मग ते म्हणाले असते, तुम्ही तरी कुठे विचारलंत.


सोमवार, २२ जानेवारी

दादांच्या घरी हळदीकुंकू. ऑफिसातल्या आम्ही चौघी गेलो. वाण म्हणून स्टीलची गाळणी. तिळगूळ कडक, आईंनीच केलेला.

आईंनी मला हात धरून जवळ बसवलं. "काय गं, लक्ष्मीला काय झालंय म्हनं? दाद्या सांगत व्हता तू नाव बदालतीस."

"बदलत नाही आई. बाहेर नुसतं लक्ष्मी सांगून चालत नाही. कोणाची, कुठली, ते लागतं."

"मंग लाव की! आमास्नी न्हाई का, शाळंत, बँकंत, समदं लावाय लागतंय. नुस्त्या नावानं बाईला कोन वळखतंय? पन मूळ नाव काडू नगं हां. पूजा झालीया तिची."

"घरात लक्ष्मीच राहणार आहे."

"मंग झालं," म्हणून माझ्या हातावर आणखी तिळगूळ ठेवला.

दादा व्हरांड्यात भेटले. सगळं सांगितलं. जयश्रीचंही. आधी त्यांना हसूच आलं. "मॅडम, आता गिऱ्हाइकाला काय लिहायचं? आमच्या आईनं सर्व्हरचं बारसं केलं म्हणून तुमचा मेल आला नाही? पुढच्या ऑडिटला चहा देतील आणि हसतील राव."

"तसं नाही लिहायचं. सर्व्हरचं नाव अपुरं होतं, एवढंच."

"आणि ते विचारतील, अपुरं का होतं?"

तोच तर कागद आहे, पाच वेळा 'का'. मी म्हटलं, "अपुरं होतं कारण मी पूर्ण केलं नाही. तसं लिहा."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "मला काय तुम्हाला घालवायचंय? पोरीचं बघू काहीतरी. सातपुत्यांशी बोलतो."

'बघू काहीतरी' म्हणजे काय ते बसमध्ये ठरवत राहिले. माझं नाव घाला असं म्हणताना मला थोडं बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आवडलं नाही. मी कायम आहे. मला कुणी काढत नाही. माझं नाव लिहिणं मला स्वस्त आहे.


मंगळवार, २३ जानेवारी

सगळ्यांशी बोलले, जिच्याबद्दल बोलले तिच्याशी नाही. हे आज सकाळी दात घासताना लक्षात आलं.

दुपारी जयश्रीला गाठलं. गेजच्या, म्हणजे मापं तपासायच्या टेबलापाशी ब्रॅकेट मोजत होती. सांगितलं, तुझं उत्तर सापडलं, चूक सर्व्हरची होती. मला वाटलं होतं, तिचा चेहरा... काय वाटलं होतं मला? उजळेल?

हातातलं ब्रॅकेट खाली ठेवलंही नाही. "मला म्हाईतच होतं की मॅडम, मी पाठिवलं ते. मला काय नवीन सांगायलाव तुम्ही?"

"मग सही का केलीस?"

"सर म्हणले लिहून दे, विषय मिटंल. गाडी थांबलेली, समदे माझ्याकडं बघायलेले. लिहून दिलं. मिटला की विषय."

"आता तो कागद बदलायचा म्हणतेय मी."

"पुन्हा काढायलाव? पुन्हा समद्यांच्या तोंडी माझंच नाव. 'हीच ती, मेलवाली.' आत्ता कुठं विसरायलेत." मग ब्रॅकेट गेजमध्ये बसवलं, बघितलं, बाजूला ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता: "हे माझ्यासाठी करायलाव का तुमाला बरं वाटावं म्हणून?"

दोन्ही, म्हणायला हवं होतं. "यादीत तुझं नाव राहावं म्हणून," म्हटलं.

"कसली यादी?"

तिला माहीतच नव्हतं. 'विषय मिटंल' म्हणून जो कागद तिने दिला, तो फाइलीत असला की ठेकेदार घेत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गेज बाजूला सारून म्हणाली, "दोन दिवस द्या. खोलीवर पोरींशी बोलते."


बुधवार, २४ जानेवारी

लाइनवाल्यांनी पाटी बदलली. आता नावावरून नंबर, नंबरावरून नाव, दोन्ही जुळतात. चाचणीचा मेल पाठवला. परत आला नाही. तरी भरवसा नाही, हिरव्या 'पाठवले'वर तर मुळीच नाही. तिकडच्या माणसाला फोन करून विचारलं, आला का?

"आला की मॅडम. लक्ष्मी डॉट तुमची कंपनी. छान नाव आहे हो सर्व्हरचं!"

चार वाजता एकटीच चहा प्यायले. काम झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. मग खिडकीतून क्वालिटीचं टेबल दिसलं.


शनिवार, २७ जानेवारी

मधले दोन दिवस सुट्टी. गुरुवारची नेहमीची, काल झेंडावंदन.

दादा आणि सातपुते बोललेले दिसतात. सातपुते सरांनी बोलावून सांगितलं: नवा कागद करा, मी सही करतो. गिऱ्हाइकालाही पाठवू, 'सुधारित' म्हणून. पण मूळ कारणात कुणाचंच नाव नको. "यंत्रणेतील त्रुटी लिहा. यंत्रणेला वाईट वाटत नाही."

"आणि तिची माफी?"

"ती फाइलीत राहील. दिलेला कागद काढता येत नाही, एचआर ओरडेल. नवा कागद वर लावू."

"वाचणारा वरचा वाचेल की खालचा?"

"मॅडम," म्हणाले, थकलेल्या आवाजात, "मी जेवढं करू शकतो तेवढं करतोय."

खरं आहे ते. आणि पुरेसं नाही, हेही खरं आहे. दोन्ही कसं लिहायचं एका चौकोनात?

जयश्री दिवसभर दिसली, बोलली नाही. मीही गेले नाही. तिने दोन दिवस मागितले होते, ते सुट्टीतच संपले. मागे लागणं म्हणजे पुन्हा तेच, 'लिहून दे, मिटंल'.


रविवार, २८ जानेवारी

कागद लिहिला. पाच वेळा.

उत्तर का पोचलं नाही? पलीकडच्या सर्व्हरने नाकारलं. का? आमच्या सर्व्हरचं नाव अपुरं होतं. का? नवी लाइन आल्यावर ते पूर्ण केलं गेलं नाही. का? सर्व्हर मुहूर्तावर लाइनच्या आधी चालू केला आणि नंतर तपासणी झाली नाही. इथवर सरळ. पाचवा 'का' बराच वेळ कोरा ठेवला.

आधी लिहिलं: सिस्टिम विभागाचा निष्काळजीपणा. खोडलं. तोच शब्द तिच्यावर लिहिला गेला होता, माझ्यावर लिहून तो काही चांगला होत नाही. मग सातपुत्यांचं 'यंत्रणेतील त्रुटी' लिहिलं. तेही खोडलं. शेवटी लिहिलं: परत आलेले मेल कुणी पाहायचे हे ठरलेलं नव्हतं, आता सिस्टिम आणि क्वालिटी विभाग रोज पाहतील. खाली एक वाक्य: पूर्वीच्या अहवालात नोंदवलेली कर्मचाऱ्याची चूक झाली नव्हती, ती नोंद व समज रद्द समजावी.

हे वाक्य सातपुते सर काढतील का? कदाचित. दादांना विचारतील, दादा 'बघू' म्हणतील. परवा यादी जाते.

साडेपाचला बस सुटताना जयश्री धावत आली, खिडकीशी उभी राहिली. "मॅडम, त्या कागदात माझ्याबद्दल काय लिवायलाव?"

"एक वाक्य आहे."

"कसलं?"

बस हलली. मी काहीतरी ओरडले, तिला ऐकू गेलं नसावं. ती हात वर करून उभी राहिली. निघा म्हणत होती की थांबा, कळलं नाही.

तिच्याबद्दलचं वाक्य. मी लिहिलं, सातपुते वाचतील, दादा ठरवतील. मागच्या वेळी निदान अक्षर तरी तिचं होतं.

उद्या: सातपुते सरांकडे नेण्याआधी कागद जयश्रीला वाचायला द्यायचा, पेन्सिलीसकट.